डॉ. डडली सार्जंट : देहाच्या मापाने व्यायाम देणारा वैद्य

तालमीत नित्य जाणाऱ्या मुलांस एक गोष्ट कोणी न सांगताच कळते. मल्लखांबावर जो सडपातळ, हलक्या अंगाचा मुलगा सरसर चढून जातो, तोच दगडी नाल उचलावयास वाकला की त्याची दमछाक होते; आणि जो धिप्पाड गडी नाल सहज छातीपर्यंत आणतो, त्यास मल्लखांबावर साधी अढी घालतानाही घाम फुटतो. ह्या दोघांत बलवान कोण, असा वाद मुलांत नेहमी चालतो व तो कधी मिटत नाही. कारण मूळ प्रश्नच अपुरा असतो. ओझे कोणाचे वाहावयाचे, स्वतःच्या देहाचे की परक्या लोखंडाचे, हे ठरल्यावाचून त्यास उत्तर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एका गृहस्थांनी हाच प्रश्न आपल्या आयुष्याचा विषय केला. हल्ली तालुक्याच्या गावीही यंत्रांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत, आणि डंबेल्स घ्यावे की यंत्रावर बसावे असे विद्यार्थी व त्यांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात. म्हणून डॉ. डडली अ‍ॅलन सार्जंट ह्यांचे चरित्र ह्या अंकात आमच्या वाचकांस सादर करीत आहो.

सार्जंट ह्यांचा जन्म २८ सप्टेंबर १८४९ रोजी, संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोकास असलेल्या मेन संस्थानातील बेलफास्ट ह्या बंदरगावी झाला. गाव जहाजे बांधणाऱ्यांचे. वडीलही त्याच धंद्यातले सुतार. मुलगा लहान असतानाच ते वारले, आणि शाळेच्या जोडीला अंगमेहनतीची कामे करणे डडलीच्या नशिबी आले. त्या कामांनी शरीर काटक झाले. पुढे व्यायामाचे असे वेड लागले की मित्रांना जमवून बार व झुले ह्यांवरील कसरतींचे प्रयोग तो करून दाखवू लागला, आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने थेट सर्कशीचा रस्ता धरला. सर्कशीचे नाव काढताच आमच्याकडील आईबापांच्या कपाळास आठ्या पडतात. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधील सोवळ्या समाजात ह्याहून निराळे काही होत नसे. पण आमच्या मते पुढील सर्व कार्याचे बीज येथेच पडले. बारवर लीलया फिरणारा कसरतपटू पाहून प्रेक्षक टाळ्या पिटतात. परंतु ती कला ज्यांस आधीच हलके व चपळ शरीर मिळाले आहे त्यांचीच आहे, आणि बाकीचे जन्मभर बाकावर बसून पाहणारच, हे आतून पाहिलेल्या माणसास जितके कळते तितके इतरांस कळत नाही.

सर्कशीत त्याचा जीव फार काळ रमला नाही. १८६९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मेनमधीलच बोडन कॉलेजात व्यायामशाळेचा चालक म्हणून त्यास नेमण्यात आले. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे. ज्या कॉलेजात आपण मुलांस बारवर चढावयास शिकवितो, त्या कॉलेजाच्या वर्गात बसण्याची आपली पात्रता नाही, ही गोष्ट ह्या तरुणास सलू लागली. त्याने अभ्यास करून १८७१ साली त्याच कॉलेजात विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळविला, शिकवीत शिकवीत शिकला, आणि १८७५ साली पदवी घेतली. तेथून तो येल विद्यापीठात गेला; तेथेही व्यायामशिक्षकाचे काम करीत १८७८ साली वैद्यकाची पदवी मिळविली. नंतर थोडा काळ न्यूयॉर्क शहरी स्वतःची व्यायामशाळा चालविली व १८७९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस शारीरिक शिक्षणाचे साहाय्यक प्राध्यापक आणि नव्या हेमेनवे व्यायामशाळेचे संचालक नेमले. ऑगस्टस हेमेनवे नावाच्या धनिकाच्या देणगीतून ती इमारत नुकतीच उभी राहत होती.

सार्जंट ह्यांनी केले ते समजण्यास त्यांच्यापूर्वी काय होते हे पाहिले पाहिजे. १८२५-२६ च्या सुमारास जर्मनीतून परागंदा झालेल्या विद्वानांनी सिंगल बार, डबल बार, दोर व शिड्या हा आपल्या देशचा व्यायाम अमेरिकेत आणला होता. पुढे बोस्टन शहरात व्यायामाचे दोन पंथ निघाले. एकाचे आचार्य डॉ. जॉर्ज बार्कर विंडशिप. हे हार्वर्डमध्ये शिकत असता अंगाने अगदी लहान होते, व त्या उणिवेच्या टोचणीने त्यांनी वजने उचलण्याचा ध्यास घेतला. खांद्यांवर जू व पट्टे अडकवून त्यांनी इतके अचाट ओझे जमिनीवरून उचलले की लोक तिकिटे काढून पाहावयास येत. बळ वाढले म्हणजे आरोग्य आपोआप येते, अशी त्यांची शिकवण होती. १८७६ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते मरण पावले आणि जड वजनांविषयी लोकांच्या मनात धसका बसला. दुसऱ्या पंथाचे आचार्य डॉ. डिओ लुइस. ह्यांनी १८६० नंतर लोखंडी डंबेल्स टाकून देऊन लाकडाचे हलके डंबेल्स मुलामुलींच्या हाती दिले व संगीताच्या तालावर कवायत सुरू केली. एकाने सर्वांस जड दिले, दुसऱ्याने सर्वांस हलके दिले; देहाचे माप दोघांपैकी कोणीच घेतले नाही. (जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या सर्व व्यायामशाळांच्या भिंतींवर टांगलेले मुद्गल आमच्याच देशातून गेले होते. हिंदुस्थानातील इंग्रज फौजेने आपल्या आखाड्यांतील जोडी पाहून ती विलायतेस नेली व तेथून ती अमेरिकेस पोहोचली. तिकडे त्यांस आजही हिंदी मुद्गल असेच म्हणतात.)

डॉ. सार्जंट ह्यांनी विचार निराळ्या दिशेने केला. सिंगल बारवर हातांनी अंग वर ओढावयाचे तर जो उमेदवार येतो त्यास पहिल्याच दिवशी आपल्या संपूर्ण देहाचे ओझे उचलावे लागते. त्यात अर्धे-पाव असे काही नाही. ज्यास ते साधत नाही तो दोन दिवस लोंबकळतो, इतरांचे हसणे ऐकतो व तिसऱ्या दिवसापासून येत नाही. म्हणजे ज्यास व्यायामाची गरज अधिक तोच बाहेर, आणि ज्यास ती कमी तोच आत. त्या काळच्या जड लोखंडी डंबेल्सचीही तीच कथा. वजन ठरलेले, उचलणारा मात्र कोणीही. ह्यावर त्यांनी उपाय योजिला तो असा : भिंतीस उभी चौकट, चौकटीत वरखाली सरकणारी पेटी, पेटीत लोखंडाच्या लहान लहान पट्ट्या, पेटीस बांधलेला दोर कप्पीवरून घेऊन त्याच्या टोकास मूठ. अशक्त मुलाने दोन पट्ट्या घालाव्या, सशक्ताने दहा. महिन्याने एक पट्टी वाढवावी. कप्पीने ओझे उचलण्याची कल्पना जुनीच होती. परंतु शरीराच्या एकेका भागास लागू पडतील अशी निरनिराळी यंत्रे तिच्यावरून रचून, कोणत्याही बळाच्या माणसास ती वापरता यावी अशी पद्धतशीर मांडणी करणे, हे श्रेय सार्जंट ह्यांचे. हातात धरलेले वजन फक्त खाली ओढते. कप्पीने तेच वजन वरून, बाजूने वा मागून ओढावयास लावता येते. त्यामुळे छाती, पाठ, मान, मनगट, पोटऱ्या ह्यांस हवे तेथे हवे तेवढे काम देता येऊ लागले.

येथे थोडे गणित सांगणे आम्हांस भाग आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ते कठीण जाऊ नये. स्नायूचे बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. देहाचे वजन मात्र घनफळावर. समजा, एकाच बांध्याची दोन मुले आहेत, एक पाच फूट उंच व दुसरा साडेपाच फूट. दुसऱ्याचे प्रत्येक माप पहिल्याच्या १.१ पट. तर त्याचे बळ १.१ गुणिले १.१, म्हणजे १.२१ पट होईल. पण वजन १.३३ पट होईल. पहिला ४० किलोचा असेल तर दुसरा सुमारे ५३ किलोचा. म्हणून बारवर लहान मुलगा सरस ठरेल, कारण मोठ्याचे ओझे त्याच्या बळाहून अधिक वाढले आहे. आणि दोघांच्या हाती दहा किलोचाच डंबेल दिला तर मोठा सरस ठरेल, कारण ओझे तेच राहून बळ वाढले आहे. आमच्या तालमीतील वादाचा उलगडा तो हाच. जोर आणि बैठका ह्यांतही स्वतःच्या देहाचेच ओझे असते, म्हणून स्थूल मुलास पन्नास जोर व हलक्या मुलास पन्नास जोर ही शिक्षा सारखी नव्हे. शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवावे. ह्यात आणखी एक भानगड हातापायांच्या लांबीची. सारख्याच वजनाच्या दोघांपैकी ज्याचे हात लांब व बारीक, त्याच्या हातातील डंबेल खांद्यापासून दूर असतो, तरफेचा दांडा लांबतो, आणि तेच ओझे त्यास जड वाटते. त्याने कमी वजन घेतले तर त्यात कमीपणा काही नाही.

तर मग यंत्र चांगले की मोकळे वजन? डॉ. सार्जंट ह्यांनी यंत्रे आणली, तरी डंबेल्स, मुद्गल, बार ह्यांपैकी काहीही फेकून दिले नाही. जर्मन बळ, स्वीडनची शिस्त, इंग्रजी खेळ, ह्या सर्वांतून घेण्याजोगे ते घेत. स्टॉकहोम येथे डॉ. गुस्टाव झांडर ह्यांनी १८६५ साली यंत्रव्यायामाची संस्था काढली होती. तेथील पुष्कळ यंत्रे वाफेने चालत व बसलेल्याचे हातपाय तीच हलवीत. सार्जंट ह्यांची यंत्रे माणसाने हलविल्यावाचून हलत नसत. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आजच्या संशोधकांनी दोहोंची तुलना केली आहे, आणि स्नायूंची वाढ मोकळ्या वजनांनी व यंत्रांनी जवळजवळ सारखीच होते असे त्यांस आढळले आहे. ज्याचा सराव करावा त्यात बळ अधिक दिसते, इतकेच. मग निवड करावयाची ती देहाकडे पाहून. हल्लीच्या यंत्रांत हालचालीचा मार्ग लोखंडाने आखून दिलेला असतो. यंत्राची खीळ आपल्या गुडघ्याच्या वा कोपराच्या सांध्यासमोर आली नाही, बैठक वरखाली होत नसली, किंवा ठेंगण्या मुलीचे पाय जमिनीस टेकत नसले, तर ते यंत्र तिच्यासाठी नाही; तिने डंबेल्स घ्यावे, कारण मोकळे वजन उंच-ठेंगणा असा भेद जाणत नाही व आपापल्या हाडांच्या मार्गाने जाते. अगदी कृश मुलास यंत्रावरील पहिली पट्टीच जड पडते. त्यास एक किलोचा डंबेल बरा. उलट, ज्या भारी देहाच्या मुलास बारवर अंग ओढता येत नाही, त्याने बसून वरून खाली ओढावयाची कप्पी घ्यावी. ती सार्जंट ह्यांच्याच कुळातली आहे. मोकळ्या वजनास तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे आजूबाजूचे स्नायूही राबतात; पण नवशिक्याने जाणत्याच्या नजरेखालीच ते उचलावे. वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते ही पालकांच्या मनातील भीती मात्र आजचे बालवैद्य खरी मानीत नाहीत. शिकविणारा जवळ हवा, ओझे बेताचे हवे, आणि कोण किती जास्त उचलतो ही चढाओढ नको, एवढे ते बजावतात.

हार्वर्डमध्ये डॉ. सार्जंट ह्यांचा क्रम ठरलेला असे. विद्यार्थी आला की प्रथम त्याचे हृदय व फुप्फुसे तपासावी, मग डोक्यापासून पायापर्यंत मापे घ्यावी, पाठीचे, पायांचे व पंजाचे बळ मोजावे, आणि त्यावरून त्या एका विद्यार्थ्यासाठी व्यायामाची यादी लिहून द्यावी : अमुक यंत्र, अमुक वजन, अमुक वेळा. काही महिन्यांनी पुन्हा मोजावे. मापे घेण्याची ही चाल अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात डॉ. एडवर्ड हिचकॉक ह्यांनी आधीच पाडली होती. पण मापावरून औषधासारखा व्यायाम लिहून देणे हे सार्जंट ह्यांचे वैशिष्ट्य. सारा वर्ग एका शिट्टीवर एकच कवायत करीत असल्याचे चित्र आम्ही शाळांतून नेहमी पाहतो. ते पाहावयास सुंदर असते खरे, परंतु त्या रांगेत प्रत्येकास सारखाच लाभ होतो असे समजू नये.

मापणाराचेही चुकते. १८८० साली थिओडोर रूझवेल्ट नावाचा एक विद्यार्थी पदवीच्या उंबरठ्यावर असता डॉ. सार्जंट ह्यांनी त्यास तपासले, त्याचे हृदय कमकुवत असल्याचे सांगितले, आणि जिने चढण्यासारखेही श्रम टाळून शांत आयुष्य काढण्याचा सल्ला दिला, अशी हकीकत रूझवेल्टच्या चरित्रांत आढळते. त्या तरुणाने सल्ला सपशेल धुडकावला व पुढच्याच वर्षी आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखर चढून आला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९१९ पर्यंत जगला. कागदावरील आकडे देहाविषयी पुष्कळ सांगतात. जिद्दीचा रकाना त्यांत नसतो.

स्त्रियांच्या व्यायामाची आस्था त्यांस विशेष होती. हार्वर्डच्या इमारतीत त्या काळी मुलींस प्रवेश नव्हता, म्हणून १८८१ साली केंब्रिज गावातच त्यांनी मुलींसाठी निराळी व्यायामशाळा काढली. तिचीच पुढे व्यायामशिक्षिका तयार करणारी सार्जंट शाळा झाली. कंबर आवळणाऱ्या ताठ चोळ्या घालणे तेव्हा सभ्यपणाचे लक्षण मानीत. सार्जंट ह्यांनी तरुण स्त्रियांस तशा चोळ्यांसह व त्यांवाचून पळावयास लावून नाडीचे ठोके मोजले, आणि आवळलेल्या कमरेने हृदयास अधिक धडपडावे लागते हे आकड्यांनी दाखविले. नाजूकपणा हा स्त्रीदेहाचा स्वभाव नसून पुष्कळ अंशी पोषाखाचा व बैठ्या राहणीचा परिणाम आहे, असे ते मानीत. आमच्या शाळेतील मुलींच्या पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचला तरी चालेल.

१८९३ हे त्यांच्या कीर्तीचे वर्ष. त्या वर्षी युजेन सँडो हा जगप्रसिद्ध मल्ल अमेरिकेत आला असता डॉ. सार्जंट ह्यांनी त्यास सविस्तर मापून पाहिले व त्याच्या बांध्याची मनःपूर्वक वाखाणणी केली. हाच सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, आणि त्याच्या नावाचे डंबेल्स आपल्याकडील घराघरांत शिरले. त्याच १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सार्जंट ह्यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या मापांची सरासरी काढून घडविलेले दोन पुतळे, एक तरुणाचा व एक तरुणीचा, मांडले. लोकांची झुंबड उडाली. जो तो पुतळ्याशी आपले दंड ताडून पाहू लागला. आम्हांस मात्र येथे त्यांच्या विचाराची गाडी रुळावरून किंचित घसरलेली दिसते. ज्याने एकेका देहास वेगळे ओझे दिले त्यानेच सर्वांपुढे एक सरासरी देह उभा करावा, हे चमत्कारिक होय. पुढे १९५२ साली गिल्बर्ट डॅनियल्स ह्यांनी अमेरिकन वायुसेनेतील ४०६३ वैमानिकांची दहा मापे ताडून पाहिली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. विमानातील बैठक मागेपुढे सरकती करणे किती आवश्यक आहे हे त्यामुळे उमगले. सरासरी माणूस पुतळ्यात होता. विमानात कोणी नव्हता.

कीर्ती वाढत असतानाच मानहानीही वाट्यास आली. १८८९ साली त्यांचे प्राध्यापकपद पुढे चालू ठेवण्यात आले नाही. पुस्तके शिकविणाऱ्यांच्या पंक्तीत व्यायाम शिकविणारास पाट मिळाला नाही. ते रुसून निघून गेले नाहीत. व्यायामशाळेचे संचालक म्हणून त्यांनी आणखी तीस वर्षे, १९१९ पर्यंत, तेच काम केले. १८८७ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या उन्हाळी वर्गास देशोदेशींचे शिक्षक येत राहिले व त्यांची पद्धत आपापल्या गावी नेत राहिले.

वार्धक्यात ते पुन्हा त्याच जुन्या प्रश्नाकडे वळले. १९२१ साली त्यांनी माणसाची एक अगदी साधी परीक्षा प्रसिद्ध केली. तिला ना यंत्र लागे, ना डंबेल. उभ्या जागेवरून सरळ वर उडी मारावयाची, आणि ती किती उंच गेली ते मोजावयाचे. परंतु नुसत्या उडीवर निकाल न देता उडी मारणाराचे वजन व उंची हीही त्यांनी हिशेबात धरली, कारण भारी देहाने मारलेली दहा इंचांची उडी आणि हलक्या देहाची दहा इंचांची उडी हे एकच काम नव्हे. २१ जुलै १९२४ रोजी न्यू हँपशायर संस्थानातील पीटरबरो येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची मुलींची शाळा १९२९ मध्ये बोस्टन विद्यापीठात सामील झाली व सार्जंट कॉलेज ह्या नावाने आजही चालू आहे. उभ्या उडीची परीक्षाही त्यांच्याच नावाने जगभर घेतली जाते. आमच्या क्रीडांगणाच्या भिंतीशी ती कोणासही करून पाहता येईल. बोटांस खडू लावून हात वर करावा व भिंतीवर खूण करावी. मग उडी मारून दुसरी खूण करावी, आणि मधले अंतर फूटपट्टीने मोजून घ्यावे.